हे पाप-पुण्याचं खातं नव्हे
'चांगलं वागा, स्वर्ग मिळेल, एवढंच ख्रिस्ती धर्म सांगतो' असं कोणी म्हटलं, की मला ते पटत नाही. चांगलं वागायचं हे खरंच, पण ते तारणाची, म्हणजे पापातून सुटकेची, किंमत म्हणून नव्हे. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्टच आहे: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नव्हे. सत्कर्मं त्यानंतर येतात, कृतज्ञतेने. येशूचं वधस्तंभावरचं मरण आणि तिसऱ्या दिवशीचं पुनरुत्थान सगळ्याच्या मुळाशी आहे, ते यासाठीच: किंमत त्याने भरली, आम्ही नव्हे.

मला हे पुस्तकातून कळलं नाही, आजीच्या हातांमुळे कळलं. पुण्यात गुरुवार पेठेतल्या पंचहौदच्या देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, वेळी ती वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकायची आणि उजवा तळहात डाव्यावर ठेवून पुढे करायची. आयुष्यभर भांडी घासून भेगाळलेले हात. शेजारी कोणी मोठा अधिकारी असला तरी तोही तसाच, रिकामे हात पसरून. त्याआधी पाळकांसकट (म्हणजे धर्मगुरूंसकट) सगळ्यांनी एका सुरात 'आम्ही पाप केलं आहे' म्हटलेलं असायचं. भाकरीचा तो लहानसा तुकडा कोणी कमावलेला नसतो. आजी तो तोंडात ठेवून बराच वेळ डोळे मिटून राहायची.