मदत हवी आहे: 'पानिपत' वाचणाऱ्या मुलांसाठी प्रकल्प, आणि मल्हाररावांचं काय करू? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला घरीच रविवारी मराठीचा वर्ग घेते. आठवी-नववीची १४ मुलं. शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी, मराठी फक्त आजीशी. यंदा हिय्या करून विश्वास पाटलांची 'पानिपत' कादंबरी घेतली. अख्खी झेपणार नाही, निवडक प्रकरणं वाचतोय. पाच रविवारांनी पालकांना काहीतरी दाखवायचंय. थर्मोकोल आणि पुठ्ठ्याच्या तलवारी नकोत, एवढंच नक्की.

एक गोष्ट फार छान जमली. पानिपतच्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना सावकारी पत्रातून कळली. मोत्ये गळाली, मोहरा हरवल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही, अशा भाषेत. मोत्ये कोण हे मी सांगितलं नाही, मुलांनीच सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव ओळखले. मग घरातली एखादी वाईट बातमी तशीच लिहायला सांगितली. एकीने लिहिलं, "आमच्याकडचा पानाचा डबा मिटला." आजोबा गेले होते तिचे. वर्ग चिडीचूप.

दुसरी, कोठीची (धान्यसाठ्याची) वही. नोव्हेंबर १७६० ते १४ जानेवारी १७६१, छावणी अडकलेली, रसद तुटलेली. सैन्य, बाजारबुणगे, यात्रेकरू, जनावरं. आधी कोणाचा घास तोडायचा? "घोड्यांना द्या, ते मेले तर लढणार कशावर?" यावरून तासभर जुंपली.

घोडं अडलंय ते मल्हारराव होळकरांपाशी. ते रणातून का निघून गेले, यावर मुलांना खटला भरवायचाय. एका आजोबांनी फोनवर सुनावलं, "होळकरांच्या गावात होळकरच आरोपी?" इकडे ग्वाल्हेरला आजोळ असलेला एक जण दत्ताजी-जनकोजी शिंद्यांची नावं घेत तावातावाने आरोपपत्र लिहितोय! आणि खरी पंचाईत अशी की मुलं कादंबरीतले संवाद पुरावा म्हणून मांडतात. हे वेगळं कसं करायला लावू?

प्रतिसाद (ग्वाल्हेरहून)

ताई, न्यायाधीश ठेवूच नका. नुसत्या साक्षी घ्या, निकाल नको. साक्षीदारही लहान माणसं घ्या: हुजऱ्या, बाजारातला वाणी, राणेखान भिस्ती. जखमी महादजी शिंद्यांना त्यानेच वाचवलं, आमच्याकडे हे पोरासोरांना ठाऊक असतं. लिहिताना कादंबरीतलं निळ्या शाईने, इतिहासाच्या पुस्तकात सापडलेलं काळ्या, मनाचं पेन्सिलीने. कागद बघितला की कळतं. आणि त्या आजोबांनाच मल्हाररावांची बाजू मांडायला बोलवा की!

धागाकर्ती

पेन्सिलीचं पक्कं. आजोबांना विचारलं, ते म्हणाले "बघतो", म्हणजे येणार. आता सगळ्यांना राणेखानच व्हायचंय. इंदुरात जुनी पखाल (भिस्त्याची पाण्याची कातडी पिशवी) कुठे मिळेल, कुणाला माहीत आहे का?