मिलान–सान रेमो : एवढ्या सौम्य चढावर शर्यत कशी फुटते?

सागरवाट :
नमस्कार. इटलीत मार्च महिन्यात होणाऱ्या मिलान–सान रेमो या एकदिवसीय सायकल शर्यतीचा मार्ग मी नकाशावर पाहत आहे. लोम्बार्दीचे मैदान संपले की तुर्कीनो खिंड लागते, ती उतरून व्होल्त्रीपाशी समुद्र भेटतो आणि पुढे किनाऱ्याच्या ऑरेलिया रस्त्याने सान रेमो गाठायचे, असे जवळपास 300 किलोमीटरचे अंतर आहे. शेवटचा पोज्जोचा चढ मात्र केवळ 3.7 किलोमीटरचा असून त्याची सरासरी 4 टक्केही भरत नाही. आपल्याकडचे घाट याहून कितीतरी कठीण आहेत. मग जगातील उत्तम सायकलपटू तेथे मागे का पडतात? आणि आधीचे अडीचशे किलोमीटर कशासाठी?

घाटमाथा :
आपल्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर आहे. पोज्जोच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत स्वार सहा तासांहून अधिक काळ सायकलवर असतो, आणि त्याआधीच्या पन्नासेक किलोमीटरमध्ये कापो मेले, कापो चेर्वो व कापो बेर्ता ही समुद्रात घुसलेली टोके चढून-उतरून, पाठोपाठ चिप्रेस्साचा 5.6 किलोमीटरचा चढ त्याने पार केलेला असतो. ताज्या पायांना जो चढ जाणवणारही नाही, तोच थकलेल्या पायांनी पूर्ण वेगात चढायचा असतो.

हे चढ मुळात मार्गात नव्हते. शर्यत 1907 मध्ये सुरू झाली. पोज्जो 1960 मध्ये आणि चिप्रेस्सा 1982 मध्ये आला, कारण रस्ते सुधारल्यावर मोठा घोळका एकत्रच सान रेमोत पोहोचू लागला होता.

चढ सौम्य असल्याने वेग फार राहतो, आणि वेग असला की पुढच्याच्या आडोशाने वारा कमी लागण्याचा फायदा चढावरही मिळतो. म्हणून एकट्याने निसटणाऱ्याला माथ्यावर मोजक्या सेकंदांचीच आघाडी मिळते. तेथून अंतिम रेषा सुमारे साडेपाच किलोमीटरवर. ऑरेलिया सोडून पोज्जोकडे उजवीकडे वळताना रस्ता अरुंद होतो. त्या वळणावर जो पहिल्या वीसएक जणांत नाही, त्याची शर्यत बहुधा तेथेच संपते.

उतारप्रेमी :
वरील उत्तरात उताराचा उल्लेख राहिला. 2022 मध्ये मातेय मोहोरिच याने आसन खाली सरकवता येणारी दांडी बसवून पोज्जोच्या वळणांवर अशी झेप घेतली की वीया रोमावर (सान रेमोतील अंतिम रेषेच्या रस्त्यावर) तो एकटाच पोहोचला. 2025 मध्ये मात्र तादेय पोगाचारने चिप्रेस्सावरच हल्ला चढवला. मातियू व्हान डर पूल आणि फिलिप्पो गान्ना यांना तो झटकू शकला नाही आणि शेवटी व्हान डर पूल जिंकला. म्हणजे लवकर निघूनही उपयोग होईलच असे नाही.

सागरवाट :
आभारी आहे. मग आणखी एखादा खडा चढ का घालत नाहीत?

घाटमाथा :
2014 साठी चिप्रेस्सा आणि पोज्जो यांच्यामध्ये पोम्पेयाना हा चढ घेण्याचे ठरले होते, परंतु रस्त्याच्या अवस्थेमुळे तो वगळावा लागला. माझ्या मते ते बरेच झाले. तो असता, तर अखेरच्या धावेतील वेगवान स्वारांना आशाच उरली नसती. आज यास्पर फिलिप्सनसारखा स्वार 2024 मध्ये येथे जिंकू शकतो आणि जवळपास त्याच मार्गावर 2018 मध्ये विन्चेंझो निबालीसारखा डोंगरी स्वारही जिंकलेला असतो. इतक्या भिन्न घडणीच्या स्वारांना समान संधी देणारा दुसरा मार्ग मला तरी ठाऊक नाही.