मदत हवी आहे: उत्पन्न मोजलं, आजारपणाचा खर्च मोजलाच नाही. निराधार योजनेच्या नकारावर अपील कसं करू?

अप्पांचीलेक

नमस्कार. सोलापुरातून लिहितेय. लांबलचक आहे, पण कृपया पूर्ण वाचा.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, ५८ वर्षांचे आहेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर तीस वर्षं उभं राहून काम केलं. २०२४ च्या गणपतीआधी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू पूर्ण गेली, बोलणं अर्धवट राहिलं. दिव्यांगत्वाचं पिवळं कार्ड निघालं, ६५ टक्क्यांचं. मग गेल्या जूनमध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अर्ज केला. मागच्या आठवड्यात हातात कागद पडला: 'कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न विहित मर्यादेपेक्षा जास्त असल्याने अर्ज नामंजूर.' एवढी एकच ओळ. अपील कुणाकडे, किती दिवसांत, त्याचा उल्लेखही नाही.

दिव्यांगांसाठी मर्यादा ५०,००० आहे. आमच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर ८४,००० लिहिलेत. घरात आई आणि अप्पा दोघंच. भाऊ २०२१ पासून बायकोमुलांना घेऊन कुंभारीला राहतो, त्याचं रेशनकार्डही वेगळं आहे. मला वाटतं त्याची मजुरी यात धरली असावी.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. घरात काय येतं ते लिहून घेतलं, काय जातं ते कुणी विचारलंच नाही. डायपरच महिन्याला अडीच हजारांच्या वर जातात. पाठीला जखम झाली म्हणून हवेची गादी आणली, तिचा पंप रात्रंदिवस चालू असतो आणि लाइटबिल पाहून आई गप्प बसते. व्यायाम करून घ्यायला माणूस येतो, त्याचे एका वेळचे अडीचशे. दवाखान्यात न्यायचं तर अप्पांना बसवता येत नाही, म्हणून रिक्षा नाही, गाडीच करावी लागते. आणि पाणी! आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. पडून असलेल्या माणसाचे कपडे चार दिवस ठेवायचे कुठे? टँकरवाल्याकडून विकत घेतो. जाड चादर धुवायला आणि वाळायला परवडत नाही. अप्पांच्या जुन्या मालकांनी सेकंड मालातले टॉवेल दिले होते. आई त्याचे चौकोन कापून त्यांच्या अंगाखाली घालते. त्यातले काही अप्पांनीच विणलेले असतील.

आई विडी कामगार आहे. आधी दिवसाला हजार विड्या वळायची. आता दर दोन तासांनी अप्पांना कूस बदलून द्यावी लागते. सूप बाजूला ठेवायचं, तंबाखूचे हात धुवायचे, त्यांना वळवायचं, उशी लावायची, पुन्हा येऊन बसायचं. तोवर भिजवलेली पानं सुकू लागतात. चार-पाचशेवर विड्या होत नाहीत. ही तूट कुठल्या रकान्यात लिहायची?

ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना महिन्याला २,५०० झालेत असं कळलं. आमचा डायपरचा खर्च तरी निघाला असता. अपिलात हे सगळे खर्च बिलांसकट मांडले तर उपयोग होईल का? कुणी केलंय का असं?

निवृत्त_महसूल

ताई, मी महसुलात नोकरी केली आहे. स्पष्ट सांगतो, राग मानू नका. अपिलाची सुरुवात खर्चाने करू नका. या योजनेत पात्रता उत्पन्नावर ठरते, त्यातून खर्च वजा करायची सोय नाही. तुम्ही पन्नास बिलं जोडली तरी समोरचा माणूस दाखल्यावरचा आकडाच बघणार. म्हणून आकडाच पकडा.

८४,००० कसे आले ते आधी कागदावर घ्या. दाखल्यासाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याने (आपण तलाठीच म्हणतो) जबाब घेतलेला असतो, चौकशी अहवाल दिलेला असतो. माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून त्याची नक्कल मागा, सोबत फाइल बघायचीही परवानगी मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला निर्णयाची कारणं द्यायची जबाबदारी कार्यालयाची आहे. 'मर्यादेपेक्षा जास्त' एवढ्याने भागत नाही. कुठली कमाई, कुणाची, कुठल्या वर्षाची, हे लेखी विचारा.

आणि दाखला कुठल्या आर्थिक वर्षाचा आहे ते आजच काढून बघा. त्यात बऱ्याचदा गोम असते.

आईसाठी_धावपळ

ताई, तुमचं पाण्याचं वाचून घशात आवंढा आला. आमच्याकडे आई तीन वर्षं अंथरुणावर होती.

खर्चाची वही मात्र सोडू नका. निराधारला नसेल, पण दुसरीकडे तिचा उपयोग होतो. महापालिकेला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. तिथे अर्ज करताना महिन्याचा खर्च लिहिलेला असला की बोलता येतं. व्हीलचेअरसाठी केंद्राची एडिप योजना आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त लागतं आणि उत्पन्नाची मर्यादा निराधारपेक्षा कितीतरी वर आहे, तिथे तुमचे ८४,००० आड येणार नाहीत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २४ वाचा. ज्यांना जास्त आधार लागतो त्यांची काळजी घेणाऱ्यासाठी भत्ता, हा विषय त्यात नावानिशी आहे. शिवाय दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी, असंही लिहिलंय. हे दाखवून उद्या पैसे मिळतील असं नाही, पण अर्जात कलम घातलं की अर्ज भिकेचा राहत नाही.

कोर्टाजवळचा

वकिलाला पैसे देऊ नका. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अप्पा आणि आई दोघंही त्यात बसतात. अपील तिथूनच लिहून घ्या. हेल्पलाइन १५१००.

अप्पांचीलेक

नऊ दिवसांनी लिहितेय, माफ करा. मध्ये अप्पांना ताप होता.

निवृत्त काका, तुम्ही सांगितलं तसंच निघालं. फाइल बघायला दिली. भावाचं नाव त्यात कुठेच नाही! इतके दिवस मी मनात त्याच्यावर राग धरून होते, परवा फोन करून त्याला तसं सांगितलं. ८४,००० म्हणजे आईचे ४१,५०० आणि अप्पांचे ४२,५००. दाखला २०२४-२५ चा आहे. त्या वर्षी एप्रिल ते ऑगस्ट अप्पा कामावर होते, लकव्याच्या आधी. त्या पाच महिन्यांची मजुरी. ज्या हातांनी ती कमावली त्यातला एक हात आता हलत नाही, आणि त्याच कमाईवर नकार आलाय.

आईचं पासबुक काढलं. २०२५-२६ मध्ये विडी कंपनीच्या ब्रँचकडून जमा झालेली मजुरी सगळी मिळून २३,६००.

निवृत्त_महसूल

मग ताई, तुमचा तो तुटीचा रकाना सापडला. आईची घटलेली मजुरी हाच आजारपणाचा खर्च, आणि तो उत्पन्नात आपोआप दिसतोय.

आता दोन कामं बरोबरीने करा. २०२५-२६ च्या दाखल्याचा नवा अर्ज द्या. पासबुक, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि अप्पा कामावर नाहीत असं जुन्या मालकाचं पत्र जोडा. दाखला ही लोकसेवा हक्क कायद्यातली सेवा आहे. फेटाळला किंवा मुदतीत दिला नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, त्या अधिकाऱ्याचं पदनाम कार्यालयातल्या फलकावर असतं. दुसरीकडे निराधारच्या नकारावर लेखी हरकत आजच द्या, दाखल्यासाठी थांबू नका.

अप्पांचीलेक

काल विधी सेवेत बसून मसुदा केला. पहिला परिच्छेद असा आहे:

'अर्जदार दि. २९ ऑगस्ट २०२४ पासून अंथरुणास खिळून असून त्या तारखेनंतर त्यांना कोणतेही उत्पन्न नाही. अर्ज नामंजूर करताना धरलेले रु. ४२,५०० हे त्या तारखेपूर्वीचे आहे. पत्नीची मजुरी अर्जदाराच्या शुश्रूषेमुळे रु. ४१,५०० वरून रु. २३,६०० वर आली आहे. सोबत पासबुकाची प्रत.'

आईला वाचून दाखवलं. तिने 'शुश्रूषा' म्हणजे काय विचारलं. सांगितल्यावर म्हणाली, दर दोन तासांनी वळवावं लागतं, तेच सरळ लिही. लिहू का काका?

निवृत्त_महसूल

लिहा. तसंच लिहा, रात्रीचंही लिहा. दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का-तारखेची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.