नेहरूंचं आत्मचरित्र आणि आपल्या घरातले वाद

मांडवीकाठ
भाच्याला कॉलेजात नेहरूंच्या आत्मचरित्रावर बोलायचं होतं. पुस्तक चाळून झाल्यावर म्हणाला, "मामा, ह्यात गोवा कुठे आहे?" नाहीच. ते लिहिलंय जून 1934 ते फेब्रुवारी 1935, तुरुंगात, आणि छापलं 1936 साली. पुढे सतरा वर्षं पंतप्रधान राहिलेला माणूस त्या पानांत कैदी आहे. पण त्या प्रश्नाने बाबा आठवले. त्यांच्याकडे ना. ग. गोरे यांचा मराठी अनुवाद होता. तेच गोरे 18 मे 1955 ला सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले, आणि पोर्तुगिजांनी त्यांना 10 वर्षांची शिक्षा ठोठावली. बाबा म्हणायचे, "ज्याने नेहरू मराठीत आणले तो इथे गजाआड, आणि नेहरू दिल्लीत वाट बघतायत." रागाने म्हणायचे. पण मे महिन्यात पुस्तकांना ऊन दाखवताना ते पुस्तक स्वतःच्या हाताने पुसायचे, आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. तुमच्या घरी काय बोलायचे? लिहा.

पेडण्याचा
आमचं गाव गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीजवळ. बाकी काही सांगायला नको. 15 ऑगस्ट 1955 ला सगळ्या सीमेवर मिळून वीसहून अधिक सत्याग्रही पोर्तुगिजांच्या गोळ्यांनी मारले गेले, नि:शस्त्र. त्यानंतर दिल्लीने सत्याग्रहच थांबवला. आजोबांचं म्हणणं एकच, फौज तेव्हाच यायला हवी होती. 1961 च्या डिसेंबरात आली, दोन दिवसांत काम झालं. मग मधली सहा वर्षं कशाला?

कुंकळ्ळीची सून
कुकर लावलाय, घाईत लिहिते. मला राजकारण कळत नाही फार, पण पुस्तकातलं ते फाउंटन पेनचं प्रकरण! वडिलांच्या टेबलावर दोन पेनं, छोट्या नेहरूंना वाटलं दोन कशाला लागतात, एक उचललं. मग शोधाशोध, मग मार, मग अंगाला मलम. माझ्या मुलाला वाचून दाखवलं तर तो गप्पच झाला, रात्री म्हणाला त्याने खरं का नाही सांगितलं? भीती वाटली असणार ना. आणि पहिलं पान, बायको कमला आता नाही म्हणून तिला अर्पण. फेब्रुवारी 36 मध्ये गेली ती. शिटी झाली, येते.

अंत्रुजी
भारताने गोव्याची नाकेबंदी केली त्या दिवसांत मामांची मुंबईची मनीऑर्डर बंद झाली होती. आई सांगते, बटाटे हॉलंडचे यायचे, तांदूळ पाकिस्तानातून. गुळगुळीत मोठे बटाटे, भाजीत लवकर विरघळायचे म्हणे.

पेडण्याचा
@अंत्रुजी आमच्याकडे आजी ते बटाटे सालीसकट करायची. सीमेपलीकडच्या बांद्याकडून रात्री लपून काय काय यायचं ते वेगळंच.

अंत्रुजी
आईला विचारते आज. तिला आवडेल बोलायला, हल्ली एकटीच असते दिवसभर.

सत्तरीवाला
पेडणेकर, आजोबांबद्दल आदर आहे, पण दुसरी बाजू मांडतो. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार बोलायलाच तयार नव्हता. 1953 मध्ये आपण लिस्बनची वकिलात बंद केली ती त्याचमुळे. पोर्तुगाल नाटोत. जगाला शांततेचं सांगणाऱ्याने रणगाडे पाठवायचे तर आधी सगळे दरवाजे ठोठावून बघावे लागतात. आत्मचरित्रातही हाच स्वभाव दिसतो. गांधींना मानतो, आणि पटत नाही तिथे पानंच्या पानं त्यांच्याशी वाद घालतो. असा माणूस पटकन निर्णय घेत नाही.

पेडण्याचा
दरवाजे ठोठावेपर्यंत किती जण आग्वादच्या तुरुंगात सडले, तेही धरा. पण मुद्दा समजला.

मांडवीकाठ
दोघांचं वाचताना वाटलं आमच्या सोप्यावरच बसलोय. बाबा आणि काका अगदी असेच.

साळावलीकाठ
आमच्याकडे भांडण 67 च्या जनमत कौलाचं. वडील फूल, म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण. मोठे काका दोन पानं, म्हणजे गोवा वेगळा. 34,021 मतांनी दोन पानं जिंकली, दोघं त्या चतुर्थीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी एकत्र बांधायला आले नाहीत. नेहरू तेव्हा नव्हते, पण गोव्याचं वेगळेपण जपू हा त्यांचाच शब्द, काका तो पकडून बसायचे. मी मराठीत शिकले, वाढले, तरी आज मला काकांचं पटतं. वडिलांसमोर कधी बोलले नाही.

कुंकळ्ळीची सून
आले परत. खारीचं कुणी वाचलंय का? लखनौच्या तुरुंगात नेहरू वाचत स्थिर बसायचे, खार पायावरून चढून गुडघ्यावर बसायची. डोळ्यांत डोळे घातले की तिला कळायचं झाड नाही, मग पळायची. तो भाग मुलाला पुन्हा पुन्हा हवा असतो.

डिचोलीकर
1963 च्या मे महिन्यात नेहरू गोव्यात आले तेव्हा आजी पणजीला गेली होती, होडीने. भाषणातलं फार कळलं नाही तिला. पण घरी येऊन आजोबांना म्हणाली, चेडवाला, म्हणजे मुलीला, शाळेत घालायचं. जूनमध्ये आई सरकारी मराठी शाळेत. त्याच डिसेंबरात निवडणुकीत आजीने मत मात्र नेहरूंच्या काँग्रेसला नाही, मगो पक्षाच्या भाऊसाहेब बांदोडकरांना दिलं.

साळावलीकाठ
कुठली शाळा? माझी मावशीही त्याच साली बसली, डिचोलीतच.

डिचोलीकर
बाजाराच्या मागची, आता नवी इमारत आहे. मावशी कुठल्या वाड्यावर राहायच्या? आई ओळखत असेल.