मदत हवी आहे: मैत्रिणीच्या घरी नाताळला जाताना काय नेऊ?

रानजाई:
लवकर सांगा प्लीज, हातात चारच दिवस आहेत. ऑफिसातल्या मैत्रिणीने २५ तारखेला घरी जेवायला बोलावलंय, वसईला. मी पहिल्यांदाच कुणाकडे नाताळला जातेय. घरात पाच माणसं आहेत, बजेट तीन हजारपर्यंत, थोडं वर गेलं तरी चालेल. दोन दिवस ऑनलाइन बघतेय, सगळीकडे तेच कॉफीचे मग, त्याच सुवासिक मेणबत्त्या, त्याच लाल टोप्या. न्यायचं म्हणून नेलं असं नकोय, मनापासून दिलंय हे कळलं पाहिजे. ऑर्डर टाकायची असेल तर आज रात्रीच टाकावी लागेल.

सुगरण_सातारा:
केक ने! विकतचा नको, घरी कर. बिनअंड्याचा सांगते. काळ्या मनुका, टूटीफ्रूटी, काजूचे तुकडे संत्र्याच्या रसात रात्रभर भिजत घाल, साखरेचं कॅरमल करताना पाणी घालायच्या आधी गॅस बंद कर नाहीतर अंगावर उडतं. माझा दरवर्षी होतो, कधी बिघडला नाही.

मिलिंद_के:
ऑफिसचं सीक्रेट सँटा असेल तर पाचशेच्या वर जाऊ नका, समोरच्याला उगाच अवघडल्यासारखं होतं. डेस्कवर ठेवायचं छोटं रोप बेस्ट.

रानजाई:
मिलिंद, सीक्रेट सँटा नाहीये, घरी जायचंय. सुगरणताई, मला केक येत नाही आणि आमच्याकडे ओव्हनही नाही.

मिलिंद_के:
मग वाइनची चांगली बाटली न्या, नाताळ म्हटलं की वाइन आलीच.

वसईकरीण:
असं धरून चालू नका हो. आमच्या घरात तीन पिढ्या कोणी थेंब घेतलेला नाही आणि दर नाताळला कोणीतरी बाटली घेऊन येतं, मग ती कुणाला द्यायची हा प्रश्न पडतो. केकचंही तेच, २५ तारखेला आमच्याकडे चार-पाच केक जमतात. रानजाई, वसईत कुठे? घरात कोण कोण आहे, वयं काय? नुसतं पाच म्हणून कसं सांगणार.

रानजाई:
निर्मळजवळ. मैत्रीण, तिची आई, आजी, भाऊ, वहिनी. भावाची दोन मुलं आहेत, ती धरली नव्हती, एक सहावीत, एक दुसरीत.

माधवकाका:
पहिली सुधारणा, पाच नाही सात माणसं झाली. मुलांना पुस्तकं द्या, आणि मराठी द्या. वसईच्या ख्रिस्ती समाजाइतकं मराठी जपणारे लोक कमी आहेत, फादर फ्रान्सिस दिब्रिटो तर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, २०२० साली उस्मानाबादला.

भाषाभगिनी:
काका, तुम्ही नाताळ शब्द वापरलेला पाहून बरं वाटलं असतं पण तो तुमच्या पोस्टमध्ये नाहीच. आजकाल सगळे मेरी ख्रिसमस म्हणतात, आपला मराठी शब्द आहे ना.

माधवकाका:
आपला म्हणजे पोर्तुगीजांकडून आलेला. नाताल. १५३४ ते १७३९, चिमाजी अप्पांनी वसई घेईपर्यंत दोनशे पाच वर्षं तिथे पोर्तुगीज होते. पगार, चावी, बटाटा, सगळे तिकडचेच.

भाषाभगिनी:
इतक्या वर्षांनी तो आपलाच झाला की. बटाट्याला कोण परका म्हणतं?

रानजाई:
भाषेचं नंतर बोलूया का, प्लीज. घरासाठी म्हणून मी लाइटिंगची मोठी चांदणी बघून ठेवलीय, अठराशेची, दारावर लावायची. ती टाकू का ऑर्डर? आणि काका गेल्यापासून तिची आई फारशी बाहेर पडत नाही, त्यांच्यासाठी एखादी छान साडी?

वसईकरीण:
थांब, ऑर्डर टाकू नकोस. काका म्हणजे मैत्रिणीचे वडील? कधी गेले?

रानजाई:
हो, ऑगस्टमध्ये. अचानक. मी जाऊन आले होते भेटायला. त्याचा गिफ्टशी संबंध असेल असं डोक्यात नव्हतं आलं.

वसईकरीण:
अगं सगळा संबंध त्याचाच आहे. ज्या वर्षी घरातलं माणूस जातं त्या वर्षीचा नाताळ वेगळा असतो. माझ्या घरचं सांगते. आजोबा ऑक्टोबरमध्ये गेले, त्या वर्षी आम्ही दारावर चांदणी लावली नाही, करंज्या केल्या नाहीत, नवे कपडे नाहीत. येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा केला, तो पण खिडकीत मावेल एवढाच, लहान भावासाठी. २४ तारखेला संध्याकाळी शेजारच्या बायका एकेक करून ताट घेऊन आल्या, वर क्रोशाचा रुमाल. रात्री मोजली तर नऊ ताटं टेबलावर, आणि कोणीही जोरात 'हॅपी ख्रिसमस' म्हटलं नव्हतं, आजीचा हात धरायच्या आणि ताट ठेवून जायच्या. नऊ प्रकारच्या करंज्या होत्या आणि प्रत्येकीची मुरड वेगळी, आजी नुसत्या मुरडीवरून सांगत होती ही कोणाच्या घरची.
सगळ्या घरांत अगदी असंच पाळतात असं नाही, म्हणून मैत्रिणीला सरळ विचार. पण अठराशेची चांदणी नको गं.

फातोर्डेकर:
आमच्याकडे गोव्यातही हेच. दुःखाच्या घरात त्या वर्षी कुसवार म्हणजे नाताळचा फराळ करत नाहीत, नेवऱ्या नाहीत, दोदोल नाही, शेजारी आणून देतात. तुम्ही घरी केलेलं काहीतरी गोड न्या, ते कधी चुकीचं ठरत नाही.

मिलिंद_के:
मग मोठा फोटो फ्रेम करून द्या काकांचा. मी मित्राला दिला होता, त्याला खूप आवडला.

माधवकाका:
पहिल्याच सणाला? जेवणाच्या टेबलावर तो फोटो उघडला तर बाई घास गिळू शकणार नाहीत. माझा ठाम विरोध.

मिलिंद_के:
काका, ते रडतील म्हणून आपण नावच काढायचं नाही का? माझे वडील गेले तेव्हा सगळे हवापाण्याच्या गप्पा मारायचे, त्याचाच जास्त त्रास झाला. कोणीतरी बाबांबद्दल बोलावं असं वाटायचं.

वसईकरीण:
दोघांचंही पटतंय, पण फोटो त्यांच्या घरात असणारच, फुलाहारासकट. रानजाई, तुला काकांचं काय आठवतं? त्यांच्या घरच्यांना माहीत नसेल असं काही?

रानजाई:
त्यांची सोनचाफ्याची झाडं होती. पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात जायचे. सोमवारी हिच्याबरोबर माझ्यासाठी पुडी पाठवायचे, केळीच्या पानात, वरून पांढरा दोरा. बरोबर सात फुलं. मी एकदा म्हटलं होतं की आमच्या देवाला सात लागतात, तेव्हापासून मोजून सात. दोन वर्षं एक सोमवार चुकला नाही. आमचा देव्हारा त्यांच्या फुलांनी भरायचा आणि हे मी त्यांना कधी सांगितलंच नाही. शेवटच्या पुडीचा दोरा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

सुगरण_सातारा:
अगं हेच लिहून दे ना. तिच्या आईला पत्र लिही.

वसईकरीण:
हो. हाताने लिही, टाइप नको, आणि सात फुलांचं जसं इथे लिहिलंस तसंच लिही, काही सजवू नकोस. दोरा द्यायचा की ठेवायचा ते तू ठरव. पत्र जेवताना देऊ नकोस, निघताना आईंच्या हातात दे, नंतर त्यांना हवं तेव्हा वाचतील. म्हणजे माधवकाकांचंही म्हणणं राहिलं आणि मिलिंदचंही. मुलांना मात्र नेहमीसारखी गिफ्ट ने, छान रंगीत कागदात गुंडाळून. घर गप्प असतं तेव्हा मुलांना वाटतं नाताळ आपल्यावर रुसलाय.
अजून एक, मिस्साही सांगता येते, म्हणजे चर्चमधली उपासना. पॅरिश ऑफिसात काकांचं नाव आणि एक छोटी रक्कम देतात, मग त्या दिवशीच्या मिस्सात त्यांच्यासाठी प्रार्थना होते. तू ख्रिस्ती नाहीस म्हणून अडत नाही. पण नाताळात नको, जानेवारीतली एखादी तारीख मैत्रिणीला विचारून घे, म्हणजे घरच्यांना जाता येईल.

रानजाई:
मैत्रिणीशी बोलले आत्ता. घरी काहीच करत नाहीयेत यंदा, तिला वाटलं होतं हे ऐकून मी यायचं रद्द करेन म्हणून बोलली नव्हती. जानेवारीतला दुसरा शनिवार चालेल म्हणाली.
मी नारळाच्या वड्या करतेय, मोठा डबाभर. मुलांना दोन-दोन पुस्तकं आणि रंगपेटी. आजींना शाल. पत्राची दोन पानं झालीत, दोनदा फाडलं.
आता डोंबिवलीहून कसं जाऊ ते सांगा, दादरला बदलायचं ना?

दिवापॅसेंजर:
दादर कशाला! कोपरला वरच्या फलाटावरून दिवा-वसई मेमू पकड, भिवंडी रोड, जूचंद्र करत थेट वसई रोड. गाड्या मोजक्या आहेत, वेळ आधी बघून ठेव, एक चुकली तर बसून राहावं लागतं.

माधवकाका:
म्हणूनच दादर बरं. पाच-दहा मिनिटांनी विरार गाडी.

दिवापॅसेंजर:
काका, डबा घेऊन विरार गाडीत चढून दाखवा.

वसईकरीण:
कुठूनही ये, उतरायचं मात्र वसई रोडच्या पुढच्या नालासोपाऱ्याला; मेमूने आलीस तर वसई रोडला विरार गाडीत बदल. पश्चिमेला बाहेर पड, निर्मळची रिक्षा मिळेल.
आणि वड्यांचा डबा रिकामा परत मिळणार नाही तुला. शेजाऱ्यांनी आणलेल्या ताटांतलंच काहीतरी भरून देतील, सुकेळी म्हणजे सुकवलेली केळी असतील, करंज्या असतील. नको म्हणू नकोस.