लाजाळूचं पान आणि काकडीचा तणावा: दोघांना ओढतं कोण?

अंकुर: लाजाळूला हात लावला की पान मिटतं. काकडीचा तणावा काठीला टेकला की तिच्याभोवती वळतो. पुस्तकांत दोन्ही गोष्टी ‘स्पर्शाला प्रतिसाद’ म्हणून शेजारी-शेजारी येतात. पण वनस्पतीला स्नायू नाहीत, मग ओढतं कोण? आणि लाजाळूला कुठल्याही बाजूने हात लावला तरी पान ठरलेल्याच दिशेने का मिटतं? तणावा तर काठी जिकडे असेल तिकडे वळतो.

सूक्ष्मदर्शी: अंकुर, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांतच उत्तराची किल्ली आहे. मी बरीच वर्षं जीवशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. दिशेचा हा प्रश्न मुलांनी आपणहून विचारावा अशी माझी फार इच्छा असायची, म्हणून सविस्तर लिहिते.

लाजाळूच्या देठाच्या बुडाशी एक फुगीर गाठ असते, तशाच बारीक गाठी प्रत्येक पर्णिकेच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानाच्या, बुडाशीही असतात. त्यातल्या पेशी पाण्याने टम्म भरलेल्या असतात. स्पर्शाचा संदेश पोचला की गाठीच्या एका बाजूच्या पेशी पोटॅशियम आणि क्लोराइडचे आयन (विद्युतभार असलेले कण) बाहेर सोडतात, पाठोपाठ पाणी जातं आणि ती बाजू ढिली पडते. देठाच्या गाठीत खालची बाजू ढिली पडते, म्हणून देठ खाली झुकतो. पर्णिकांच्या गाठीत वरची बाजू पडते, म्हणून पर्णिका वर मिटतात. म्हणजे दिशा गाठीच्या रचनेत आधीच ठरलेली आहे, बोट कुठून आलं याला अर्थ नाही. मिटायला सेकंदभर पुरतो, उघडायला मात्र अनेक मिनिटं लागतात, कारण आयन परत आत खेचायला ऊर्जा खर्चावी लागते.

तणाव्याचं काम वेगळं आहे. तिथे मुख्यतः वाढ कामाला येते. काठीला टेकलेली बाजू कमी वाढते, पलीकडची जास्त लांबते, म्हणून वळण काठीकडेच येतं. एक बारकावा मला अतिशय आवडतो. डार्विनने पाहिलं होतं की कृष्णकमळाच्या कुळातल्या वेलींचे तणावे हलक्याशा दोऱ्यालाही प्रतिसाद देतात, पण पाण्याचे थेंब पडले तर ढिम्म हलत नाहीत. पावसात प्रत्येक थेंबाला वेल वळत बसली असती तर तिला आधार कधी सापडलाच नसता.

पानगळ: व्हीनस फ्लायट्रॅप हे किडे पकडणारं झाड यातल्या कुठल्या गटात बसतं? ते तर डोळ्याचं पातं लवायच्या आत मिटतं.

सूक्ष्मदर्शी: दिशेच्या बाबतीत लाजाळूच्या. पण नुसतं पाणी सरकून एवढा वेग मिळत नाही. फ्लायट्रॅपची पानं बाहेरच्या बाजूला फुगलेली असतात. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की पत्र्याच्या डब्याचं फुगीर झाकण दाबल्यावर टक्कन उलटतं तशी ती आत वळतात. सेकंदाचा दहावा भाग लागतो. आतल्या केसाला एकदा स्पर्श झाला तर काही होत नाही, साधारण वीस सेकंदांच्या आत दुसरा झाला तरच सापळा मिटतो. पाचक रस सोडायला आणखी स्पर्श लागतात, म्हणजे भक्ष्य खरंच धडपडतंय याची खात्री.

एकपेशी जीव आणि प्राण्यांकडे वळलं तर स्पर्श ‘कुठे’ झाला याला किती किंमत आहे ते दिसतं. पॅरामेशियम एकच पेशी, पण पुढून आपटला तर कॅल्शियम आत शिरून पक्ष्माभिका (पोहायला लागणारे केसासारखे तंतू) उलट्या फिरतात आणि तो मागे हटतो. मागून डिवचला तर पोटॅशियम बाहेर जातं आणि तो आणखी जोरात पुढे पोहतो. सी. एलिगन्स नावाच्या मिलिमीटरभर लांब कृमीचंही तसंच: डोक्याकडे हलका स्पर्श झाला की मागे, शेपटीकडे झाला की पुढे. त्यासाठी त्याच्या ३०२ चेतापेशींपैकी सहा राखीव आहेत. जीवशास्त्रज्ञ मार्टिन चाल्फी यांनी ती तपासणी काडीला चिकटवलेल्या भुवईच्या केसाने केली. एवढं सूक्ष्म काम आणि हत्यार भुवईचा केस, मला याचं अजून अप्रूप वाटतं.

अंकुर: म्हणजे सुरुवात सगळीकडे आयनांपासूनच? आणि लाजाळूला मिटून मिळतं काय?

सूक्ष्मदर्शी: हो, स्पर्शाने पेशीच्या पापुद्र्यावर ताण येतो, आयनांची दारं उघडतात. पुढची यंत्रणा ज्याची त्याची: पाणी, वाढ, पक्ष्माभिका, स्नायू. फायद्याचा पुरावा २०२२ मध्ये जपानी संशोधकांनी दिला. पान हलू न शकणारी लाजाळूची झाडं तयार करून त्यांच्यावर नाकतोडे सोडले, तर नेहमीच्या झाडांपेक्षा त्यांचीच पानं जास्त खाल्ली गेली. कॅल्शियमची लाट आधी पुढे सरकते आणि मागोमाग पर्णिका मिटतात, हेही त्यांनी चकाकणाऱ्या प्रथिनांच्या मदतीने दाखवलं.

स्वतः पाहायचं असेल तर कोवळ्या तणाव्याच्या टोकाजवळ एका बाजूला बारीक काडी हलकेच घासा आणि थोडा वेळ थांबा. शेजारच्या दुसऱ्या तणाव्यावर त्याच जागी फक्त पाण्याचे थेंब सोडा. लाजाळूला मात्र एकदा मिटल्यावर पूर्ण उघडू द्या, मगच पुन्हा हात लावा. मिटलेल्या पानावर ऊन कमी पडतं.