‘किलर ऑफ शीप’ : तीस वर्षं डब्यात, तरी मैलाचा दगड?

तिरका डोळा
चार्ल्स बर्नेटचा ‘किलर ऑफ शीप’ अखेर पाहिला. लॉस एंजेलिसमधली कृष्णवर्णीयांची वॉट्स वस्ती, कत्तलखान्यात राबणारा स्टॅन, रात्री डोळ्याला डोळा नाही. गोष्ट म्हणाल तर एवढीच. कृष्णवर्णीयांच्या सिनेमातला हा मैलाचा दगड, असं जो तो सांगतो. पण बर्नेटने तो १९७७ साली विद्यापीठाच्या पदवीसाठी सादर केला आणि थिएटरात रीतसर लागला २००७ मध्ये, कारण गाण्यांचे हक्कच घेतले नव्हते. मधली तीस वर्षं पाहिला कुणी? महोत्सववाल्यांनी आणि प्राध्यापकांनी. त्यापेक्षा मेल्विन व्हॅन पीबल्सचा ‘स्वीटबॅक’ घ्या. १९७१ साल, स्टुडिओचा एक पैसा नाही, सुरुवातीला दोनच थिएटरं, एक डेट्रॉइटला, एक अटलांटाला. तरी लोकांच्या उड्या पडल्या. माझ्या लेखी दगड तो.

मधली सुट्टी
असहमत, आणि चांगलीच. ‘स्वीटबॅक’ने गल्ला जमवला, ते बघून स्टुडिओवाले धावले आणि कृष्णवर्णीय म्हणजे दलाल, गर्दवाले, पिस्तुलं असल्या सिनेमांचा रतीबच सुरू झाला. बर्नेटला नेमकं तेच नको होतं.

इंजिनचा प्रसंग आठवा. पगाराचा चेक वटवून स्टॅन आणि त्याचा मित्र एक जुनं इंजिन घेतात. दोघांत धरून जिन्यावरून पायरी पायरी उतरवतात, नि ट्रकच्या पार कडेला टेकवतात. अहो, जरा आत ढकला! नाही. गाडी सुरू होते आणि इंजिन मागच्या मागे रस्त्यावर. फुटलं. दोघं बघतात आणि गाडीत बसून निघून जातात. कॅमेरा ट्रकमध्येच, रस्त्यावर पडलेलं इंजिन लहान लहान होत जातं. असं पाहिलेलं नव्हतं हो कुठे.

गच्चीवरचा
स्टॅनला झोप येत नाही, मला विसाव्या मिनिटाला लागली. पळतो.

उंबरठा
गाण्यांवरून बोलताय म्हणून. अख्ख्या सिनेमाला दहा हजार डॉलरही लागले नव्हते, शनिवार-रविवारी शूटिंग, पोरं वस्तीतलीच. पुढे गहाण दागिना सोडवावा तशी ती गाणी सोडवायला दीड लाख डॉलर गेले. गाणी काढून टाकली असती तर आधीच लागला असता की! पण मग डायना वॉशिंग्टनच्या ‘धिस बिटर अर्थ’वर उघडा स्टॅन आणि त्याची बायको संथ नाचतात, ते कशावर नाचले असते? ती त्याला बिलगते, गाणं संपतं, तो हात सोडवून निघून जातो. ती खिडकीशी एकटी.

अवांतर: अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जपून ठेवायच्या सिनेमांच्या सरकारी यादीत, तो १९९० लाच गेला, म्हणजे थिएटरात लागायच्या सतरा वर्षं आधी. लोकांनी पाहायच्या आधीच मान! हे मात्र, तिरका डोळा, तुमच्याच बाजूचं झालं!

तिरका डोळा
नाच मान्य. इंजिनचा प्रसंगही पुन्हा लावून पाहिला, बिनतोड आहे. पण त्या बाईला बर्नेटने साधं नाव दिलेलं नाही. श्रेयनामावलीतही ‘स्टॅनची बायको’. वस्तीचं खरं चित्र म्हणे!

मधली सुट्टी
नाव नाही, कबूल. पण दोघं गावगुंड स्टॅनला एका खुनात ओढायला येतात, तेव्हा दारात उभं राहून त्यांना झापतं कोण? स्टॅन नव्हे. तो पायरीवर नुसता बसून असतो.